व्हायोलिन मनाला का भिडते?

व्हायोलिनविषयी आपल्याकडे दोन समज घट्ट बसलेले आहेत. पहिला, हे वाद्यच मुळात रडवे. यात सिनेमाचा वाटा मोठा. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत गोव्याहून आलेल्या वादकांनी विरहगीतांमागे व्हायोलिनचे जे ताफे उभे केले, त्यांनी दोन-तीन पिढ्यांचे कान घडवले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले मानाचे नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. दुसरा समज असा, की ज्याची बोटे चपळ तो वादक मोठा.

पडद्यावर नायिका दाराशी उभी आहे आणि मागे वीस व्हायोलिने वाजताहेत, तेव्हा आपल्याला हलवण्याचे निम्मे काम कथेने आधीच केलेले असते. खरा प्रश्न पडतो तो मंचावर एकच माणूस आणि एकच वाद्य असते तेव्हा. कथा नाही, शब्द नाहीत, साथीला कोणी नाही. तरी सभागृहात माणसे गहिवरतात. चपळाईने माणूस थक्क होतो, टाळ्या वाजवतो. त्याचा गळा दाटून येत नाही. मग कशाने येतो?

माझे उत्तर असे: थोर वादक सगळे स्वतः वाजवून मोकळा होत नाही. कामाचा काही भाग तो ऐकणाऱ्यावर सोपवतो आणि नेमका कोणता भाग सोपवायचा हे त्याला कळते. हे पाहण्यासाठी योहान सेबास्टियन बाख यांची एक रचना मध्यभागी ठेवू. तिचे नाव 'शाकॉन'. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या डी मायनरमधल्या दुसऱ्या पार्टिटाचा, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिकेचा, हा शेवटचा भाग. बाख यांच्या हस्तलिखितावर साल आहे १७२०.

तारेवर काय घडते

आधी यंत्रणा. गजावर घोड्याच्या शेपटीचे दीडएकशे केस ताणून बसवलेले असतात. त्यांवर राळ घासतात. राळ नसेल तर गज तारेवरून नुसता घसरतो. राळ लागली की केस तारेला धरतात, आपल्याबरोबर ओढत नेतात. ताण वाढला की तार निसटून मागे उडते आणि पुन्हा पकडली जाते. 'ए' या तारेवर हे धरणे-सुटणे सेकंदाला ४४० वेळा होते. डोळ्याला तार दोन्ही बाजूंनी फुगलेली दिसते, पण प्रत्यक्षात तारेला पडलेला एक कोन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असतो. एकोणिसाव्या शतकात हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ही चाल पहिल्यांदा नीट पाहिली.

पुढचा मोठा टप्पा भारतात गाठला गेला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणावरील कामासाठी १९३० साली नोबेल मिळाले. त्याआधी कितीतरी वर्षे ते कोलकात्यात वाद्यांच्या मागे लागले होते. गजाने वाजणाऱ्या तारांवरचा त्यांचा विस्तृत प्रबंध १९१८चा. त्यांनी यंत्राने व्हायोलिन वाजवून गजाचा वेग, गजाचा दाब आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासूनचे अंतर या तिघांचा हिशेब मांडला. गज घोडीच्या जितका जवळ, तितका दाब जास्त लागतो. दाब कमी पडला तर सूर फुसका आणि शीळ घातल्यासारखा, जास्त झाला तर करकर. मधली जागा अरुंद.

या हिशेबात आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते आणि त्या क्षणी सूर वादकाच्या हातून गेलेला असतो. पुढे तो फक्त विरत जातो. व्हायोलिनचा सूर उगवल्यापासून मावळेपर्यंत हातात राहतो. तो हवेतून अलगद उमटवता येतो, मध्ये भरता येतो, शेवटी इतका बारीक करता येतो की संपला कधी ते कळत नाही. असे करणारी दुसरी गोष्ट म्हणजे माणसाचा गळा. गजाची लांबी पाऊण मीटरच्या आत, म्हणजे श्वासासारखीच तीही संपते. गज कुठे वळवायचा हे ठरवणे म्हणजे गायकाने श्वास कुठे घ्यायचा हे ठरवणे. लांब सुराच्या शेवटी गज संपत आला आहे आणि सूर अजून टिकून आहे, हे ऐकणाऱ्याला न पाहताही जाणवते. तोही नकळत श्वास धरतो.

म्हणून मला वाटते, टाळ्या डाव्या हाताला पडतात, पण डोळ्यांत पाणी उजवा हात आणतो. शिकणाऱ्यांचे आईवडील बोटांकडे पाहत असतात. त्यांनी गजाकडे पाहावे.

पडदे नसलेली पट्टी

डावा हात अर्थातच बिनकामाचा नाही. व्हायोलिनच्या पट्टीवर सतारीसारखे पडदे नाहीत. तारेचा वाजता भाग जेमतेम ३३ सेंटिमीटरचा आणि त्यावर सूर कुठे आहे हे फक्त कानाला ठाऊक. या अडचणीतच सगळी श्रीमंती आहे. पियानोचा स्वर जिथे बसवला तिथेच राहतो. व्हायोलिनवर षड्जाकडे ओढ घेणारा निषाद किंचित चढा घेता येतो आणि अनेक वादक तो तसा घेतात. ऐकणाऱ्याला श्रुतीचा फरक मोजता येत नाही. पण षड्ज आता येणार, यायलाच हवा, ही ओढ त्याच्यात तयार होते.

कंपनाचे तसेच. बोट तारेवर ठेवून हलके डोलवले की सूर सेकंदाला पाच-सहा वेळा किंचित वरखाली होतो आणि त्याला ऊब येते. आज ही ऊब इतकी सरसकट वापरली जाते की तिच्याशिवाय व्हायोलिन कल्पता येत नाही. पण लिओपोल्ड मोझार्ट, म्हणजे थोरल्या मोझार्टांनी, १७५६ च्या आपल्या व्हायोलिनवरील पुस्तकात प्रत्येक सुरावर थरथरणाऱ्या वादकांची चांगलीच खरडपट्टी काढली आहे. योझेफ योआखिम यांच्या १९०३ च्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर कंपन फार जपून वापरलेले दिसते. सरसकट कंपनाची चाल पुढे फ्रिट्झ क्राइस्लर यांच्या पिढीने रुळवली. क्राइस्लरांकडे ती सुंदर वाटते. मात्र नंतरच्या पुष्कळांनी तिचा मुलामा केला. सगळेच सूर हळवे केले की कोणताच हळवा राहत नाही. सरळ, कोरडा, न हलणारा सूर बराच वेळ ऐकवून मग एकाच जागी कंपन आणले, तर तेवढी जागा काळजात जाते.

शाकॉन: एक आधार, चौसष्ट फेरे

आता बाख. १७१७ ते १७२३ या काळात ते जर्मनीतल्या कोथेनच्या राजपुत्र लिओपोल्ड यांच्या दरबारी संगीतप्रमुख होते. १७२० च्या उन्हाळ्यात ते राजपुत्राबरोबर कार्ल्सबादला गेले आणि परत आले तेव्हा पत्नी मारिया बार्बरा यांचा मृत्यू होऊन दफनही झाले होते. शाकॉन हे तिचे स्मारक, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्याला पुरावा नाही. मला ती कथा रचनेवर अन्यायही वाटते. ज्याला मारिया बार्बराचे नाव माहीत नाही त्यालाही शाकॉन हलवते. म्हणजे कारण रचनेतच शोधले पाहिजे.

शाकॉनचा सांगाडा साधा आहे. चार मात्रागटांचा एक खालचा आधार, डी वरून पायरी-पायरीने खाली उतरणारा. तो सुमारे चौसष्ट वेळा येतो आणि दर वेळी त्याच्यावर नवे काही घडते. तबल्याचा एकल ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला हे लगेच कळेल. मागे हार्मोनियमवर लेहरा फिरत असतो आणि पुढे कायदे, रेले, तुकडे चाललेले असतात. लेहरा ठाऊक झाला की समेची जागा आपल्या अंगात बसते. फरक इतकाच की शाकॉनमध्ये लेहराही व्हायोलिनचा आणि तबलाही व्हायोलिनचाच. कित्येकदा तर आधार ऐकूच येत नाही. वरचे सूर अशा बेताने मांडलेले असतात की तो आपणच मनात धरून चालतो.

हे नीट समजावे म्हणून घोडीकडे पाहा. व्हायोलिनची घोडी कमानदार असते. त्यामुळे चारही तारा एकदम, टिकवून वाजवणे शक्य नाही. बाख मात्र पहिल्याच स्वरापासून तीन-चार सुरांचे गुच्छ लिहितात. वादक काय करतो? खालचे दोन सूर गजाने पटकन स्पर्शून वरच्या दोहोंवर येतो. खालचा सूर क्षणभर वाजून गेलेला असतो, पण ऐकणाऱ्याच्या कानात तो चालूच राहतो. एका वाद्यात तीन-चार आवाज बोलताहेत असे वाटते, त्यातले निम्मे आपल्या स्मरणातून आलेले असतात.

पुढच्या शतकाला ही रिकामी जागा सहन झाली नाही. १८४० साली लाइपझिगमध्ये फेर्डिनांड डेव्हिड यांनी शाकॉन वाजवले तेव्हा फेलिक्स मेंडेलसोन पियानोवर साथीला होते. ती साथ पुढे छापली गेली. रॉबर्ट शूमान यांनीही साथ लिहिली. दोघेही थोर, दोघांचा हेतू चांगला, आणि दोन्ही साथी आज क्वचितच कोणी वाजवते. पियानोने सगळे गुच्छ पुरे करून दिले की ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. योहानेस ब्राम्स यांना मर्म कळले होते. त्यांनी शाकॉन पियानोसाठी केले, पण फक्त डाव्या हातासाठी. १८७७ साली क्लारा शूमान यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी याचे कारण सांगितले आहे: एकाच हाताने वाजवताना व्हायोलिनवादकाच्या अडचणीची थोडी चव मिळते.

रचनेचा घाटही असाच वाट पाहायला लावणारा. पहिला अर्धाअधिक भाग डी मायनर या गंभीर छटेच्या स्वरसप्तकात आहे. त्यात एक लांब पट्टा असा येतो, की बाख फक्त सुरांचे गुच्छ लिहितात आणि ते सुटे करून कसे फिरवायचे हे वादकावर सोडतात. गज चारही तारांवरून एकसारखा डोलत राहतो, दाब हळूहळू वाढत जातो. आणि मग, साधारण मध्याच्या थोडे पुढे, सारे शांत होते आणि डी मेजर येते. आधार तोच, फक्त उजेड वेगळा. हा क्षण कसा वाजवायचा यावर वादकाची पारख होते. जो दणक्यात मेजर जाहीर करतो, त्याचे ऐकून बरे वाटते. जो पहिला गुच्छ जवळजवळ संकोचाने, कमी आवाजात, कंपन आवरून ठेवतो, त्याचे ऐकताना मात्र आपल्याला क्षणभर कळतच नाही की काय बदलले. आणि कळते तेव्हा अंगावर काटा आलेला असतो.

मेजरमधला आनंद वाढत जातो, एकच सूर तीन-तीनदा तुतारीसारखा ठोकला जातो. आता सगळे असेच संपावे असे वाटू लागते. ते तसे संपत नाही. मायनर परत येते आणि या वेळी ते जास्त जड वाटते, कारण मध्ये काय होते ते आपण ऐकलेले आहे. शेवटी सगळे गुच्छ आटून एकटा डी उरतो.

वाट पाहण्याचे शास्त्र

संगीत ऐकताना अंगावर येणाऱ्या काट्यावर संशोधकांनी बरेच काम केले आहे. १९९१ साली जॉन स्लोबोडा यांनी श्रोत्यांना विचारले, की तुम्हाला नेमक्या कोणत्या जागी रडू येते, कोणत्या जागी शहारा येतो. रडू येण्याच्या जागांत एक गोष्ट वारंवार दिसली: सूर घरच्या सुराच्या शेजारी, जरा अवघडलेला बसतो आणि मग घरी टेकतो. अनपेक्षित सुरावट किंवा स्वरमेळ आला की शहारा. आपल्याकडे कोमल ऋषभावर थांबून षड्जावर येणारा गायक हेच करत असतो.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला २०११ चा प्रयोग याच्याही पुढे जातो. तिथे माणसांना त्यांच्याच आवडीचे संगीत ऐकवून मेंदूची चित्रे घेतली. काटा येण्याच्या क्षणी डोपामीन हे रसायन स्रवते, हे अपेक्षित होते. पण त्या क्षणाच्या काही सेकंद आधीही, मेंदूच्या वेगळ्या भागात, ते स्रवू लागलेले दिसले. म्हणजे येणाऱ्या जागेची वाट पाहण्यातच सुखाचा एक हिस्सा असतो. मैफलीला जाणाऱ्याला यात नवल वाटू नये. सम जवळ आली की आपली मान आधीच झुकू लागते. कसलेला वादक समेच्या अलीकडे एक श्वास थांबतो आणि सारी सभा त्याच्याबरोबर थांबते.

थोर आणि ठीकठाक वादनातला फरक बऱ्याच अंशी या थांबण्यात आहे. लय सरसकट ढिली करणारा वादक भावपूर्ण वाटतो, पण पाच मिनिटेच. लयच नसेल तर उशिराला अर्थ राहत नाही. आधी चौकट घट्ट बांधायची, श्रोत्याला तिची खात्री पटू द्यायची, आणि मग एका सुराला केसभर उशीर करायचा.

शब्दांवाचून बंदिश

व्हायोलिन भारतीय शास्त्रीय संगीतात शिरले ते दक्षिणेतून. बालुस्वामी दीक्षितार यांच्या काळापासून कर्नाटक संगीताने ते आपलेसे केले. वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे डोके उजव्या पावलावर टेकते, आणि तारा षड्ज-पंचमाच्या जोडीने लावल्या जातात. हनुवटीखाली धरायचे नसल्यामुळे डावा हात मोकळा होतो आणि मींड लांबवर घसरत नेता येते.

हिंदुस्थानी व्हायोलिनमध्ये मराठी माणसांचे काम भरीव आहे. गजाननबुवा जोशी गवई म्हणून जितके मोठे, तितकेच व्हायोलिनवादक म्हणून. पार्श्याचे श्रीधर पार्सेकर, पं. वि. गो. जोग, पं. द. के. दातार ही पुढची नावे. जोगांच्या वादनात लयीची खेळकर झटापट आहे. बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदीत ती ऐकून हसू फुटते. दातारांकडे उलट संथपणा, गाण्याची शालीन चाल, पलुसकरी गायकीची छाया. मला विचाराल तर एकांतात ऐकायला दातार.

गायकी अंगाची वाट सर्वांत दूरवर नेली ती डॉ. एन. राजम यांनी. घरचे शिक्षण कर्नाटक पद्धतीचे, नंतर ओंकारनाथ ठाकुरांची तालीम, आणि बनारस हिंदू विद्यापीठात प्रदीर्घ अध्यापन. त्यांच्या गजाचे तंत्र बंदिशीच्या शब्दांवर बांधलेले आहे. जी अक्षरे गायक एका श्वासात जोडून म्हणेल ती एका गजात. जिथे नवे अक्षर उमटते तिथे गजाचा हलका आघात. याचा परिणाम विलक्षण आहे. बंदिश पाठ असलेल्या श्रोत्याला शब्द चक्क ऐकू येतात, जरी वाद्यातून एकही शब्द निघालेला नसतो. शाकॉनमधला न वाजलेला आधार आणि इथला न उच्चारलेला शब्द, दोन्ही पुरवतो श्रोताच. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार घ्या. हार्मोनियमला तो साधत नाही. व्हायोलिन तो गंधार कुठेही न थांबवता हेलकावत ठेवते. त्याची खरी जागा मनात ठरवतो तो ऐकणाराच.

वाद्याची किंमत, वादकाचा चेहरा

दोन गोष्टींना फाजील महत्त्व मिळते.

एक म्हणजे वाद्य. क्रेमोनाच्या अँटोनिओ स्ट्रॅडिव्हारी यांची (मृत्यू १७३७) व्हायोलिने कोट्यवधींना विकली जातात आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे साल आवर्जून छापतात. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसमध्ये क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून, जुनी आणि नवी वाद्ये वाजवायला दिली. वासावरून जुने लाकूड ओळखू नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तरसुद्धा लावले होते. बहुतेकांनी नवे वाद्य पसंत केले. सर्वांत कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हेरियसला मिळाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगांत सभागृहात बसलेल्या श्रोत्यांनाही जुने-नवे ओळखता आले नाही. चांगले वाद्य हवेच, पण तीनशे वर्षांचे असण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट चेहरा. २०१३ साली चिया-जुंग त्साय यांनी दाखवले, की स्पर्धेतल्या वादनाची निःशब्द चित्रफीत पाहून लोक विजेता ओळखतात, पण नुसता आवाज ऐकून तितके ओळखत नाहीत. त्या स्पर्धा पियानोच्या होत्या, तरी धडा व्हायोलिनलाही लागू पडावा. डोळे मिटणे, डोलणे, भुवया चढवणे यांनी आपण फसतो. याशा हाइफेट्झ यांचा चेहरा वाजवताना दगडासारखा असे. १९१७ साली कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी पहिल्यांदा वाजवले तेव्हापासून त्यांच्यावर थंडपणाचा आरोप होत राहिला. त्यांचे ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐका. आरोप टिकत नाही.

स्टेशनवरची त्रेचाळीस मिनिटे

१२ जानेवारी २००७. वॉशिंग्टनचे एक मेट्रो स्टेशन, सकाळची गर्दी. टोपी घातलेला एक जण व्हायोलिन वाजवतो आहे. तो होता जोशुआ बेल, हातात १७१३ चे स्ट्रॅडिव्हेरियस, आणि सुरुवात त्याने शाकॉननेच केली. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने घडवून आणलेला हा प्रयोग होता. सुमारे ४३ मिनिटांत १,०९७ माणसे समोरून गेली. थांबून ऐकणारी सात. पेटीत ३२ डॉलर आणि थोडी चिल्लर.

त्यावर जगभर हळहळ झाली: माणसांना सौंदर्याची कदर उरली नाही. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. शाकॉन पंधरा मिनिटांचे आहे आणि त्याची सारी ताकद आधीचे लक्षात ठेवण्यात आहे. ज्याला आठच्या ठोक्याला कचेरी गाठायची आहे तो त्यातले वीस सेकंद ऐकतो. त्याने आधार ऐकलेला नाही, मायनर सोसलेले नाही. त्याच्यासाठी मेजर येणारच कुठून? वादकाने आपले निम्मे काम चोख केले. उरलेले निम्मे करायला तिथे कोणाला फुरसत नव्हती. त्या दिवशी जवळून गेलेली जवळपास प्रत्येक लहान मुलगी-मुलगा थांबून बघू पाहत होता आणि मोठी माणसे त्यांना ओढून नेत होती, ही नोंद मात्र लक्षात राहते.

ऐकायचे कसे

येहुदी मेन्युइन यांनी १९३०च्या दशकात बाख यांच्या एकल व्हायोलिनच्या सहाही रचना पहिल्यांदा संपूर्ण ध्वनिमुद्रित केल्या. तेव्हा ते विशीही न ओलांडलेले होते; त्यातले शाकॉन कोवळे आणि धाडसी आहे. नाथान मिलस्टाइन यांनी १९८६ साली स्टॉकहोममध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी वाजवलेले शाकॉन चित्रफितीत उपलब्ध आहे. त्यात घाई नाही आणि दाखवण्याची हौसही नाही. आर्थर ग्रुमियो यांचे नितळ. हेन्रिक शेरिंग यांचे बांधीव. जुन्या पद्धतीच्या गजाने आणि कमी कंपनाने वाजवणाऱ्या रेचल पॉजर यांचे ऐकले तर हे मुळात नृत्य होते याची आठवण होते. प्रत्यक्ष ऐकायचे असेल तर मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम होत असतात. २००६ साली तिथेच स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे संगीत दिग्दर्शक मारात बिसेनगालिएव्ह हे स्वतः व्हायोलिनवादकच आहेत.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. खालच्या तारा त्यातून निम्म्याही येत नाहीत. पंधरा मिनिटे मोकळी ठेवा. पहिल्या मिनिटात उतरणारा आधार कानात धरून ठेवा, पुढे तो हरवला तरी शोधत राहू नका, आपोआप सापडेल. मायनरचे मेजर होते ती जागा कोण कशी घेतो ते ताडून पाहा. आणि पहिल्या खेपेला काहीच वाटले नाही, तर लगेच दुसरा वादक लावू नका. दोन दिवसांनी तेच मुद्रण पुन्हा ऐका.